गप्प बसणाऱ्यांचं मत

त्याच्या हातातली भजी कधी संपतात याची मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, माणसाकडे माझं लक्षच नव्हतं. सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट, ओतूरचा एसटी स्टँड, वरून भुरभुर पाऊस, आणि डिंगोऱ्याची गाडी लागायला अजून वेळ... माझी नजर खिळली होती ती भज्यांखालच्या कागदावर. वर्तमानपत्राचा तुकडा होता तो. दोन भज्यांच्या मधून अर्धा मथळा डोकावत होता – ‘स्कॉटलंडमध्ये पुन्हा...’ पुढचं सगळं भज्यांखाली.

आठ दिवस झाले होते, मी त्या एका देशापायी कॉलेजचं वाचनालय पालथं घातलं होतं. नकाशा मिळाला, मेंढ्यांचं चित्र मिळालं, पण कामाचं एक वाक्य मिळेना. आणि इथे ते तेलात भिजत होतं. शेवटी मला राहवलं नाही.

“भाऊ,” मी म्हणाले, “तेवढी भजी जरा लवकर खाता का?”

त्यानं वर बघितलं. उंच, सावळा, भिजलेले केस कपाळावर चिकटलेले. भजं तोंडाशी नेलेलं तसंच राहिलं.

“का वो? यष्टी सुटती का काय?”

“नाही. मला तो कागद पाहिजे.”

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि लवकर खायचं सोडून तो मेला आणखीच सावकाश खायला लागला – एक भजं उचलायचं, त्याखालची ओळ वाचायची, मग दुसरं. माझा जीव टांगणीला. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, “ह्यात स्कॉटलंडचं हाय. तुमी वादविवादात हायेत व्हय? अनुकूल का प्रतिकूल?”

मी अनुकूल म्हणाले.

“मग मी तुमच्या इरुद्ध. संपत. पेठचा. टीवायला हाय.” त्यानं उरलेलं एक भजं कागदासकट माझ्यापुढे धरलं. “घ्या. आन त्याल सांभाळा, वळी पुसट झाल्यात.”

माझी गाडी लागली. विरोधी बाजूच्या माणसानं आपल्या हातातलं शस्त्र असं भज्यासकट देऊन टाकावं, याचं मला नवल वाटत राहिलं. भजं गार झालं होतं. तरी मी ते खाल्लं.

आता त्या स्कॉटलंडचं सांगते, नाहीतर ओतूरच्या कॉलेजात ते कुठून उपटलं असं तुम्हाला वाटेल. स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष होतं ते. ‘स्वातंत्र्यानं काय दिलं’ या विषयावरची भाषणं ऐकून आमचे राज्यशास्त्राचे सर इतके विटले, की त्यांनी यंदा विषयच बदलला. म्हणाले, “इंग्रजांपासून आपण सुटलो. आता त्यांच्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते बघा.” विषय फळ्यावर आला: ‘ब्रिटनमधून वेगळं होण्याचा हक्क स्कॉटलंडच्या जनतेला असावा.’ बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मला वेगळं व्हायचं होतं, संपतला एकत्र नांदायचं होतं.

मी रोज डिंगोऱ्याहून एसटीनं यायचे. तो ओतूरला मामाकडे राहून शिकत होता. मामाचं शिवणकामाचं दुकान होतं, तिथे संध्याकाळी तो काजं-बटणं करायचा. दुसऱ्या दिवशी वाचनालयात समोर येऊन बसला आणि कागदात काय निघालं म्हणून विचारू लागला. मी काही पत्ता लागू दिला नाही. “नगा सांगू,” तो म्हणाला, “मी वाचलंय की आधीच. तुमी मागं उभ्या ऱ्हाऊन दात-ओठ खात व्हत्या तवा.”

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. आधी संपत बोलला. त्याला शुद्ध बोलता यायचं नाही असं नाही, पण पेठचं बोलणं तो सोडायचा नाही.

“मला कुनी पुसलं कुठला, तर ओतुरात मी पेठचा म्हनतो. पुण्यात गेलो की आंबेगावचा. मुंबईला मावशीकडं गेलो की पुण्याचा. तिन्ही येळंला मी खरंच बोलतो. मग स्कॉटलंडच्या मानसानं सवताला ब्रिटिश म्हनवलं, तर त्याचं स्कॉटलंड कुठं पळून जातंय?”

टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, मग आपण कोणत्या बाजूला आहोत ते आठवलं आणि हात आवरले.

माझी पाळी आली, आणि एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. मी म्हणाले, तुम्हाला पेठचं म्हणायची सक्ती कोणी केली नाही. सतराशे सात साली इंग्लंड आणि स्कॉटलंडचं एक राज्य झालं, ते वरच्यांनी वर ठरवलं, तिथल्या साध्या माणसाला कोणी विचारलं नाही. एकत्र राहायला हरकत नाही. पण राहायचं की निघायचं, हे त्यालाच विचारा. आणि मग मी तो तेलकट कागद काढला. एकोणऐंशी साली तिथं एकदा मत घेतलं होतं – स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का. ‘हो’ म्हणणारे जास्त निघाले. पण आधीच नियम करून ठेवला होता की सगळ्या मतदारांपैकी शंभरातल्या चाळिसांनी तरी ‘हो’ म्हणायला पाहिजे. तेवढे भरले नाहीत. जे घरी बसले, गप्प राहिले, ते सगळे आपोआप ‘नाही’ म्हणणाऱ्यांत जमा झाले.

“जो बोललाच नाही,” मी म्हणाले, “त्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा अधिकार कोणाला आहे?”

पहिला नंबर मला मिळाला, दुसरा त्याला. खुर्च्या उचलताना तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “तुमी पहिल्याच दिवशी भाऊ म्हनला, म्हनून हारलो. बहिनीला कुनी हरवतं का?”

“मग काय म्हणायचं होतं?”

“संपत म्हना की. फुकाट हाय.”

त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी ते नाव मनातल्या मनात चार वेळा म्हणून बघितलं... खरंच फुकट होतं.

सप्टेंबरमध्ये तिकडे त्याच प्रश्नावर पुन्हा मतदान झालं. या वेळी चौघांतल्या तिघांनी ‘हो’ म्हटलं. आम्ही एकाच वर्तमानपत्रावर दोन बाजूंनी वाकून ती बातमी वाचली. मी म्हणाले, आमचं आलं. तो म्हणाला, कुठलं आलं, नुसतं पार्लमेंट मिळालं, राहिलेत तर अजून एकाच घरात. तेव्हापासून कोण जिंकलं यावर आमचं रोज भांडण व्हायचं, आणि एखाद्या दिवशी भांडण झालं नाही की मला घरी जेवण गोड लागायचं नाही. मला तो आवडायला लागला होता. हे आज किती सहज लिहिते आहे – तेव्हा स्वतःशी कबूल करायलासुद्धा दोन महिने लागले.

दहा वर्षं झाली याला. यंदा पेपरात आलं होतं, इंग्लंड-स्कॉटलंडच्या त्या एकत्र होण्याला तीनशे वर्षं पुरी झाली, आणि वेगळं व्हायचं म्हणणारा पक्ष आता तिथं निवडून आलाय. बातमी वाचताना माझ्या नाकात एकदम एसटीतल्या ओल्या रेक्झिनचा आणि कांद्याचा वास आला. वाचनालयातली ती हलणारी बाकं, खिडकीबाहेर ओतूरच्या बाजाराचा गलका, आणि टेबलापलीकडे पेन्सिलनं समासात ‘खोटं’ असं लिहिणारा तो हात. ते दिवस आता कुठल्या गाडीनं गाठायचे?

त्या वर्षी ऑक्टोबरात सरांनी आम्हा दोघांना पुण्याच्या स्पर्धेला पाठवलं. बरोबर इंग्रजीच्या मॅडम. नारायणगाव गेलं, मंचर गेलं, आणि संपत उगाच खिडकीतून मान बाहेर काढायला लागला. पेठच्या थांब्यावर एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात फडक्याची पुरचुंडी. त्याची आई, साळुबाई. गाडी दोन मिनिटं थांबणार म्हणून ती माऊली तासभर आधी येऊन उभी राहिली होती. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, अजून गरम. तिनं पुरचुंडी लेकाच्या हातात दिलीच नाही. खिडकीतून माझ्याकडे सरकवली.

“ह्या तुमाला,” ती म्हणाली. “त्याचं काय, त्यो घरी आल्यावर खाईल.”

तिला माझ्याबद्दल कोणी सांगितलं होतं? गाडी हलली. संपतचे कान लाल झाले होते आणि तो पठारावरच्या बटाट्याच्या शेतांकडे असा बघत होता, की जणू आधी कधी बटाटे पाहिलेच नव्हते.

पुण्यात आम्हाला कागदाच्या प्रमाणपत्राशिवाय काही मिळालं नाही. परत येताना मॅडमना डुलकी लागली. खेड सोडल्यावर संपत हळू आवाजात म्हणाला, “हर्षाली, एक इचारायचं व्हतं...”

“विचारा ना.”

घाट आला. वळणामागून वळण गेलं. तो खिडकीच्या गजाला धरून बसला होता आणि मी श्वास धरून. पेठ आलं, गेलं. मंचर दिसायला लागलं तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला.

“शेंगा आवडल्या का?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दिवाळी झाली आणि माझ्यासाठी भोसरीचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत कायम होता, स्वतःची खोली होती. बघायला आले त्या दिवशी मी पोह्यांच्या बशा दिल्या, पाटावर बसले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. वादविवादात पहिला नंबर म्हटल्यावर सगळे हसले. मला काही विचारायचं आहे का, हे कोणी विचारलं नाही. मी खाली बघत गप्प बसले, कारण त्या पाटावर बसून बोलायचं असतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी आत गेले तेव्हा मुलाचे चुलते बाहेर म्हणाले, “पोरगी गप हाय, म्हंजी पसंत हाय.” आप्पांनी – माझ्या वडिलांनी – मान डोलावली. पंधरा दिवसांनी सुपारी फोडायची ठरली. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग मागे फिरायचं नाही.

कॉलेजात ही बातमी माझ्याआधी पोचली होती. संपतनं वाचनालयात यायचं सोडलं. एक शब्द नाही, भांडण नाही, कोपऱ्यावरून हात हलवणंही नाही. मी तीन दिवस ते रिकामं बाक बघितलं. त्याच्या मनात काही असतं तर तो बोलला असता, असं म्हणून मी रडूनही घेतलं. चौथ्या दिवशी मात्र मला राग आला. मी सरळ मांडवी नदीच्या पुलावर जाऊन उभी राहिले. त्याचा मामाकडे जायचा रस्ता तोच होता.

मला बघून तो सायकलवरून उतरला.

“तुम्ही वाचनालयात येत नाही,” मी म्हणाले.

“आता काय काम हाय तितं? तुमची पसंती झाली म्हनं.”

“कोण म्हणालं?”

“समदीच म्हनत्यात.”

“मी म्हणाले का? मला कोणी विचारलं तर मी म्हणणार ना. स्कॉटलंडच्या बायाबापड्यांच्या मतावर दोन तास भांडलात माझ्याशी. माझं मत विचारायला तुम्हाला खेडपासून मंचरपर्यंतचा रस्ता पुरला नाही.”

तो बराच वेळ सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. खाली नदीला पाणी कमी झालं होतं, बाया गोधड्या धूत होत्या.

“आमचं रान पावसावरचं,” तो म्हणाला. “नोकरी न्हाई अजून. भोसरीपुढं मी कोन हाय? म्हनून गप बसलो. पन मला तुमी लई आवडता. भज्याच्या दिसापासनं. बघा, बोललो.”

इतके दिवस वाट बघितलेलं वाक्य, आणि ऐकून मला हसू यावं की रडू हेच कळेना. मी म्हणाले, भोसरीला आधी मला माझं ‘नाही’ सांगू द्या. ते तुमच्यासाठी नाही, माझं मला सांगायचंय. तुमचं त्यानंतर बघू. तो हो म्हणाला. त्याच पुलावर मी त्याला पहिल्यांदा नुसतं ‘संपत’ म्हणाले.

घरी सांगणं पुण्याच्या स्पर्धेपेक्षा शंभर पटीनं अवघड होतं. आप्पा ओट्यावर बसले होते. मी म्हणाले, मला ते स्थळ नको. ते म्हणाले, तवा का बोलली न्हाईस? मी म्हणाले, मला विचारलं नाही. आप्पा भडकले. शब्द दिलाय, चार माणसांत तोंड दाखवायचंय, कालेजात घातलं तिथंच चुकलं – सगळं झालं. दुसरं कोणी आहे का, हेही विचारलं, आणि मी पेठच्या संपतचं नाव सांगितलं. ते ताडकन उठले. आई, प्रयागबाई तिचं नाव, दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“मलाबी कुनी इचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी गप बसले व्हते. समदी म्हनली, पसंत हाय.”

आप्पा जागच्या जागी उभे राहिले. पंचवीस वर्षांचा संसार होता त्यांचा. मग त्यांनी विचारलं, “मंग? न्हवतो का पसंत?”

“तसं न्हाई,” आई म्हणाली. “चांगलंच झालं माजं. पन इचारलं असतं तर बरं वाटलं असतं.”

आप्पा कांद्याच्या रोपाकडे निघून गेले. तीन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून एकटेच भोसरीला गेले. तिथं त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. परत आले, चहा घेतला आणि म्हणाले, “पेठला घर बघाय जायचं हाय. तूबी चल. ऱ्हायचं तुला हाय, मग बघायला तू नको?”

मुलीनं सोयरिकीच्या बैठकीला सासरी जायची आमच्यात रीत नव्हती. शेजारच्या बाया दारात येऊन बघत राहिल्या. जानेवारी होता, ज्वारी हुरड्यात आली होती. पेठच्या त्या घरात सतरंजीवर वीसेक माणसं बसली होती, स्वयंपाकघराच्या दारात साळुबाई आणि तिच्या जावा, मी भिंतीला टेकून आईशेजारी. संपत कोपऱ्यात खाली मान घालून. बोलणी झाली. रान किती, तो डीएडला जाणार का, लग्न कुठे – सगळं रीतसर. पाटावर हळदकुंकू लावलेली सुपारी आली.

“थांबा पावनं,” आप्पा म्हणाले. “माज्या पोरीला आधी इचारतो. मागल्या येळंला इचारलं नव्हतं.” ते माझ्याकडे वळले. “हर्षाली, तुजी मर्जी हाय का हितं?”

वीस माणसांच्या माना माझ्याकडे फिरल्या. आणि मला... मला बोलताच येईना. भरलेल्या हॉलमध्ये बोललेली मी, पण इथे हुंकारसुद्धा निघेना. मनातून तर मी ओरडत होते.

संपतचे चुलते हसले. “लाजली पोर. पसंत हाय. घ्या फोडून.”

सगळे हसले. आप्पांचा हात अडकित्त्याकडे गेला. आता फक्त गप्प राहिलं की झालं होतं. मला हवं होतं तेच झालं असतं.

“थांबा,” संपत म्हणाला.

नवऱ्या मुलानं बैठकीत तोंड उघडायचं नसतं. तो उभा राहिला होता.

“ती बोलली न्हाई अजून.”

“अरं येड्या,” चुलते म्हणाले, “तुज्याच भल्याचं चाललंय न्हवं?”

“आसू द्या. तिचं तिला बोलू द्या. न्हाई म्हनली तरी मी ऐकून घेईन.”

खेडपासून मंचरपर्यंत ज्याला एक वाक्य पुरं करता आलं नाही, तो वीस माणसांसमोर, स्वतःच्या विरुद्ध, माझ्यासाठी उभा होता. कान तसेच लाल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कोणास ठाऊक कसा, शब्द फुटला.

“हो,” मी म्हणाले. “माझी मर्जी आहे.”

आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण स्वयंपाकघरात भांडं पडलं. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि संपतकडे वळले.

“आन तुमची, पावनं? तुमालाबी इचारलं पायजे.”

संपतची सगळी हिंमत माझ्यावर खर्च झाली होती. त्यानं नुसती मान हलवली.

“मान हलवलेलं धरायचं नाही,” मी भिंतीपासून म्हणाले.

दारातल्या बाया फिसकन हसल्या. साळुबाईनं पदर तोंडाला लावला. त्यानं माझ्याकडे बघितलं, सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदाच नजर न चोरता.

“हाय,” तो म्हणाला. “लई दिसांची हाय.”

मग आप्पांनी सुपारी फोडली.